घरच्या अंगणात बांधलेली शिडाची होडी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी विद्वान, कोणी उद्योजक, कोणी वरिष्ठ अधिकारी आपणांस चार हिताचे शब्द सांगत असतो. यंदा कार्यकारी मंडळाने तो मान माझ्यासारख्या एका निवृत्त आरेखकास दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. उभी हयात मी दुसऱ्यांनी बांधावयाच्या वस्तूंचे नकाशे काढण्यात घालविली. निवृत्तीनंतर मात्र मालवण तालुक्यात, कर्लीच्या खाडीकाठी असलेल्या आमच्या घराच्या अंगणात, पुतण्या आणि नात यांना हाताशी घेऊन मी एक शिडाची लहान होडी बांधली. ही गोष्ट चिटणीसांच्या कानी गेली आणि "यंदा त्यावरच बोला" अशी त्यांनी आज्ञा केली. ती शिरसावंद्य मानून मी उभा आहे.

विषय जाहीर झाल्यावर आपल्यातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला सरळ प्रश्न केला. ते म्हणाले, "अहो, वाडवडिलांच्या हातचा वाकस मुलांच्या हाती येऊ नये म्हणून या मंडळाने इतकी वर्षे शिष्यवृत्त्या वाटल्या. मुले डॉक्टर झाली, इंजिनियर झाली. आता तुम्ही त्यांच्या हाती पुन्हा तोच वाकस देणार काय?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्यामागे तीन पिढ्यांचे कष्ट आहेत. त्याचे उत्तर मी अवश्य देईन. परंतु ज्या वस्तूविषयी वाद, ती वस्तू आधी नीट पाहून घेऊ.

आपल्या किनाऱ्यावर लहान होडी करण्याच्या तीन रीती फार जुन्या आहेत. पहिली रीत म्हणजे एका अखंड ओंडक्यातून कोरून काढलेली डोण. त्यासाठी बहुधा आंब्याचे जाड, सरळ खोड निवडीत. बाहेरून तासून आकार द्यावयाचा आणि आतून वाकसाने पोखरीत जावयाचे. भिंत कोठे जाड ठेवावी आणि कोठे पातळ करावी याचा हिशेब कोठेही लिहिलेला नसे. तो कारागिराच्या बोटांत असे.

दुसरी रीत उलांडीची. अरुंद होडी चटकन कलंडते. म्हणून तिच्या एका अंगाला दोन आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोकाशी एक हलका ओंडका पाण्यावर तरंगत ठेवावयाचा. यातील मर्म तराजूच्या दांडीचे आहे. मध्यापासून सहा फुटांवर बांधलेला ओंडका पाण्यात दाबला जाऊन १० किलोंचा उचल देत असेल, तर मध्यापासून दीड फुटावर होडीच्या काठाला बसलेल्या ४० किलोंच्या मुलाइतके काम तो करतो. कारण सहा गुणिले दहा काय आणि दीड गुणिले चाळीस काय, गुणाकार साठच. आपल्या पूर्वजांनी हे गणित मांडले नव्हते. पण ते पाण्यावर रोज सिद्ध करीत होते.

तिसरी रीत फळ्या शिवण्याची. फळीच्या कडेला ओळीने भोके पाडावयाची, दोन फळ्या एकमेकींस भिडवून काथ्याच्या दोरीने घट्ट टाचावयाच्या, सांध्यात नारळाचा काथ्या ठासावयाचा आणि वरून राळ व तेल यांचा लेप द्यावयाचा. खिळ्याचे नाव नाही. तेराव्या शतकात मार्को पोलो याने होर्मुझ बंदरात पाहिलेल्या अशाच शिवलेल्या नावांचे वर्णन केले आहे. अरबी समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर ही विद्या चालत होती. शिवलेली नाव वाळूला टेकली अथवा लाटेने आपटली, तर थोडी लवते आणि वाचते. पुढे लोखंडी खिळ्यांचा प्रसार झाला आणि शिवणारे हात कमी कमी होत गेले.

या सर्वांची नोंद कोणी केली? जेम्स हॉर्नेल हे मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यातील अधिकारी. त्यांनी भारतातील होड्यांच्या आकारांवरील आपला प्रबंध १९२० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीतर्फे प्रसिद्ध केला. परदेशातून आलेला एक मनुष्य किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडून होड्या मोजतो आणि आपल्या घरात मात्र चार ओळींची वही नसते. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. ज्याच्या हातात विद्या असते त्याला ती लिहून ठेवण्याची गरज वाटत नाही. आणि ती गरज जेव्हा वाटू लागते, तेव्हा हात बहुधा राहिलेले नसतात.

आता क्षणभर दुसरीकडे पाहू. इंग्रजीत अशा निमुळत्या, हलक्या होडीला 'कॅनू' म्हणतात. १८६५ साली जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश बॅरिस्टराने 'रॉब रॉय' नावाची, १५ फूट लांब आणि अवघी २८ इंच रुंद अशी होडी करविली. वल्हे आणि एक लहानसे शीड यांच्या बळावर त्याने युरोपातील नद्या व सरोवरे पालथी घातली आणि पुढच्याच वर्षी त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. ते वाचून अनेकांना या छंदाने वेड लावले. परंतु माझ्या मते खरी महत्त्वाची घटना पुढची आहे. १८८५ साली अमेरिकेत डब्ल्यू. पी. स्टीफन्स यांनी हौशी माणसांसाठी कॅनू व लहान होड्या बांधण्याचे सविस्तर पुस्तक प्रसिद्ध केले. ज्याच्या घराण्यात कोणी कधी रंधा धरला नव्हता, असा कारकूनही नकाशा पुढे ठेवून घरच्या पडवीत शिडाची होडी बांधू शकेल, हा त्याचा हेतू. जी विद्या गुरूच्या शेजारी वर्षानुवर्षे बसल्यावाचून मिळत नसे, ती कागदावर उतरली आणि परक्याच्याही घरी जाऊन पोहोचली.

यापुढील गंमत आपण लक्षपूर्वक ऐकावी. १९६३ साली इंग्लंडात बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी 'मिरर' ही घरी बांधावयाची लहान शिडाची होडी काढली. तिची रीत अशी: प्लायवुडचे तक्ते आकारानुसार कापावयाचे, कडांना भोके पाडून ते तांब्याच्या तारेने एकमेकांस शिवावयाचे, आणि मग आतून-बाहेरून सांध्यावर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवावयाची. अशा होड्या पुढे सत्तर हजारांवर झाल्या. काथ्याच्या जागी तांब्याची तार आली आणि झाडाच्या राळेच्या जागी कारखान्याची राळ. एवढा फरक सोडला, तर फळ्या शिवण्याची ही रीत आपल्या किनाऱ्याला मुळीच परकी नव्हती. आपण टाकून दिलेली वस्तू निराळ्या वेषात परत आली आणि आपण तिला नवीन म्हणून नमस्कार केला!

आमची होडी याच रीतीने झाली. तिची हकीकत मी थोडी विस्ताराने सांगतो. कारण सभागृहातील एखाद्या मुलामुलीला ती स्वतः बांधण्याची इच्छा व्हावी, हाच माझा हेतू आहे.

प्रथम लाकूड. प्लायवुडचा तक्ता आठ फूट लांब व चार फूट रुंद येतो. होडीसाठी साधे प्लायवुड उपयोगाचे नाही. 'आयएस ७१०' हा मानक क्रमांक असलेले सागरी प्लायवुड घ्यावे. छापावर विसंबू नये. एक लहान तुकडा कापून घरच्या पातेल्यात काही तास उकळावा, वाळवावा आणि पुन्हा उकळावा. थर सुटले तर तो तक्ता परत करावा. आम्ही सहा मिलिमीटर जाडीचे चार तक्ते वापरले. असा एक तक्ता सुमारे १२ ते १३ किलो भरतो. कापून उरलेले तुकडे वजा जाता आणि राळ, काठपट्ट्या मिळविता आमची होडी सुमारे ५० किलोंची झाली. दोन माणसे ती सहज उचलतात.

आठ फुटांच्या तक्त्यांतून पंधरा फुटांहून अधिक लांबीची होडी काढावयाची, तर दोन तक्ते लांबीने जोडावे लागतात. नुसती कड कडेला लावून भागत नाही. जाडीच्या आठपट लांबीचा उतार दोन्ही कडांना रंध्याने काढावा लागतो. म्हणजे सहा मिलिमीटर जाडीस ४८ मिलिमीटरांचा, जवळजवळ दोन इंचांचा उतार. हे दोन उतार एकमेकांवर बसवून चिकटविले की सांधा मूळ तक्त्यासारखाच वाकतो. प्लायवुडमध्ये एक सोय अशी की तिचे थर उतारावर पट्ट्यांसारखे दिसतात. पट्ट्या सरळ व समांतर आल्या, तर उतार बरोबर आला असे समजावे. माझ्या बारा वर्षांच्या नातीने हे एकदा पाहिले आणि मग रंधा तिच्या हातून सुटेना.

लाकडाला हात लावण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याची, दहास एक या प्रमाणाची प्रतिकृती मात्र अवश्य करावी. पंधरा फुटांची होडी दीड फुटाची होते. तळ, दोन पोटपट्ट्या आणि दोन बाजू असे पाच तुकडे दोऱ्याने शिवले की सपाट पुठ्ठा आपोआप फुगून होडीचे रूप घेतो. हे पाहताना लहानथोर सर्वांनाच नवल वाटते. वक्ररेषा काढण्याची रीतही सोपी आहे. नकाशातील बिंदूंवर खिळे ठोकून त्यांना टेकवून एक लवचिक लाकडी पट्टी वाकवावी आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवावी. डाव्या व उजव्या बाजूचे तक्ते एकावर एक धरून एकदमच कापावेत, म्हणजे दोन्ही अंगे सारखी येतात.

येथे मला आमच्या गावच्या मिस्त्रींचे स्मरण करणे प्राप्त आहे. वय चौऱ्याऐंशी. गुडघे बसू देत नाहीत. एका डोळ्यात मोतीबिंदू. आयुष्यभर होड्या बांधल्या, पण एकही नकाशा काढला नाही. दोन्ही चिरंजीव मुंबईस नोकरीला. वाकस पडवीच्या आढ्याला टांगलेला. आमच्या अंगणात ते रोज सकाळी येऊन खुर्चीवर बसत. माझा नकाशा त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "कागदाक पोट नसता, होडयेक असता." मग काठी टेकीत उठले, कापलेल्या तक्त्याच्या कडेवरून तळहात फिरविला आणि पुढच्या टोकापासून चार हातांवर थांबून म्हणाले, "हंय दुखता." मी फूटपट्टी लावून पाहिले. रेषेत कोठेही चूक सापडेना. पण दोरा ताणून, कडेशी डोळा लावून पाहिले तेव्हा तेथे तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा दिसला. पुतण्याने रंध्याचे दोन हात मारले. मिस्त्रींनी पुन्हा तळहात फिरविला आणि मान डोलावली. नातीला म्हणाले, "डोळ्यान् नको बघू गो, हातान् बघ."

त्या दिवसापासून तिने एक वही घातली. मिस्त्री जे जे बोलत ते ती लिहून घेई. कोणते लाकूड कोणत्या कामाला, उंडीचे वाकडे फाटे फासळ्यांना का चांगले, पठाण किती जाड असावा, परबाणाची लांबी डोलकाठीच्या किती पट असावी, वीत व बोटे यांचे माप कसे धरावे. सारे त्यांच्याच शब्दांत. काही शब्द मी, साठ वर्षे मराठी बोलणारा मनुष्य, प्रथमच ऐकत होतो.

मग शिवण. कडेपासून पाव इंच आत, चार-चार इंचांवर बारीक भोके पाडावयाची, तांब्याच्या तारेचे तुकडे ओवावयाचे आणि बाहेरून पकडीने पीळ द्यावयाचा. प्रारंभी सारे पीळ ढिले ठेवावेत. सर्व तुकडे जागी आल्यावर थोडे थोडे करून आवळावेत, नाहीतर एक बाजू ओढली जाते. होडीला पीळ पडला आहे काय, हे पाहण्यास दोन सरळ काठ्या पुरतात. एक पुढे, एक मागे आडवी ठेवावी आणि लांबून एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे पाहावे. दोन्ही कडा एका रेषेत आल्या की पीळ नाही.

त्यानंतर चिकटविण्याचे काम. यासाठी इपॉक्सी नावाची दोन भागांची राळ मिळते. तिच्यात लाकडाचे बारीक पीठ कालवून लापशीसारखा लगदा करावा, आतील कोनांत भरून चमच्याच्या पाठीने गोलवा द्यावा. तो घट्ट झाला की तारा काढून टाकाव्यात आणि दोन्ही अंगांनी तीन इंच रुंदीची काचतंतूंची पट्टी राळेने बसवावी. येथे चार सूचना ध्यानात ठेवाव्यात. दोन भागांचे प्रमाण डब्यावर लिहिले असेल तेच ठेवावे, अंदाजाने टाकू नये. उन्हाळ्यात ही राळ भांड्यातच तापून आळते, म्हणून थोडी थोडी कालवावी. दमट हवेत तिच्यावर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुतल्यावाचून पुढचा हात देऊ नये. आणि हातमोज्यांवाचून तिला कधीही स्पर्श करू नये. कातडीला एकदा तिचे वावडे झाले की ते सहसा जात नाही. कोकणच्या हवेत दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ या कामास उत्तम. आम्ही तोच साधला.

पुढील व मागील टोकांस आडव्या फळ्या बसवून आम्ही दोन हवाबंद कप्पे केले. होडी उलटली तरी बुडू नये, यासाठी ते हवेतच. डोलकाठी ठेंगणी, नऊ फुटांची. तीवर लांब परबाणाचे तिकोनी शीड, सुमारे ४५ चौरस फुटांचे. वारा वाढला तर दोर सोडताच सारे शीड एकदम खाली येते. होडीने आडवे सरकू नये म्हणून बाजूस पाण्यात उतरणारी एक फळी, आणि मागे सुकाणू. झाले.

मुलांना मी एक हिशेब घातला होता. होडी ५० किलो आणि दोन माणसे १३० किलो, मिळून १८० किलो. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. समुद्राचे पाणी लिटरला एक किलोहून किंचित जड असते, म्हणून सुमारे १७५ लिटर पाणी सारले जाईल. त्यावरून होडी किती बुडेल ते काढा. मुलांनी तळाचे क्षेत्रफळ मोजून दहा ते बारा सेंटिमीटर असे उत्तर काढले आणि बाहेरून त्या उंचीवर खडूने रेघ ओढली. गुढीपाडव्याला नारळ फोडून होडी खाडीत लोटली, दोघे आत बसली, आणि पाणी त्या खडूच्या रेघेला जवळजवळ टेकून उभे राहिले! शाळेतील आर्किमिडीज त्या क्षणी आमच्या अंगणातला झाला.

आनंदाच्या भरात सावधगिरी विसरू नये. पहिल्याच दिवशी कमरेइतक्या पाण्यात होडी मुद्दाम उलटी करून, पुन्हा सुलटी करून, पाणी उपसण्याचा सराव करावा. तरंगजाकीट अंगावर असल्यावाचून कोणीही पाय ठेवू नये. सुरुवात भांगाच्या दिवसांत करावी. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या मुखाकडे जाऊ नये. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे ढकलतो, दुपारचा खारा वारा घराकडे आणतो. नवशिक्याने दुपारच्या वाऱ्याशी मैत्री करावी. बंदर खात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि पावसाळ्यात होडी घरात पालथी घालावी.

आता त्या ज्येष्ठ गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. त्यांचे म्हणणे निम्मे सर्वस्वी खरे आहे. जन्माने हाती आलेला वाकस हा आपल्या पूर्वजांना बंधनच होता. दुसरे काही करण्याची मोकळीक नव्हती, मजुरी अपुरी होती, आणि हाताने काम करणाऱ्यास समाजात खालचे पान होते. त्या बंधनातून मुले सुटली हे मंडळाचे मोठे पुण्यकर्म आहे. कोणी आपल्या मुलास शाळेतून काढून होड्या बांधावयास बसवावे, असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. परंतु बंधन तोडताना आपण त्याबरोबर विद्याही फेकून दिली. वाकस सुटला हे बरे झाले. तो कसा धरावा हे कोणासच ठाऊक नसावे, हे बरे झाले नाही. गणित, भूमिती, पदार्थविज्ञान यांचा एवढा मोठा ठेवा आपल्या घरी असताना आपण तो कमीपणाची खूण म्हणून लपविला.

विद्या लपविली, अथवा आपल्यापुरती राखली, तर काय होते याची दोन उदाहरणे सांगतो.

पहिले दूरचे. हवाई बेटांवरील लोकांचे पूर्वज जोडहोड्यांतून, कोणत्याही यंत्रावाचून, तारे व लाटा पाहून हजारो मैल प्रवास करीत. विसाव्या शतकात तेथील काही मंडळींनी 'होकुलेआ' नावाची तशी जोडहोडी १९७५ साली पाण्यात उतरविली. होडी झाली, पण जुन्या रीतीने ती ताहितीपर्यंत नेईल असा मनुष्य हवाईत उरला नव्हता. शेवटी मायक्रोनेशियातील सातावाल या चिमुकल्या बेटावरून माउ पियाइलुग नावाच्या नाविकास बोलवावे लागले. १९७६ साली त्याने ती होडी यंत्रावाचून ताहितीस नेली. त्याच्या बेटावर ही विद्या परक्यास देण्याची रीत नव्हती. तरीही त्याने ती हवाईच्या तरुणांना शिकविली, कारण त्याच्या स्वतःच्या बेटावरील तरुणांचे लक्ष दुसरीकडे गेले होते आणि विद्या आपल्याबरोबर मरेल अशी त्याला भीती होती. १९८० साली त्याचा शिष्य नैनोआ थॉम्पसन याने स्वतः तो प्रवास केला. गुरू २०१० साली वारला. विद्या आज जिवंत आहे. ती वाचली ती कुळाबाहेर दिल्यामुळे.

दुसरे जवळचे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातील एक जहाज रंगविलेले आहे. त्यावरून भारताने एक शिवलेले जहाज नव्याने बांधले. २०२३ च्या सप्टेंबरात गोव्यात त्याचा पठाण बसला, २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले, आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. ते शिवले कोणी? केरळातील बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी. त्या हातांना मी येथून वंदन करतो. चित्र महाराष्ट्रातील गुहेत होते, बांधणी आपल्या शेजारच्या गोव्यात झाली. पण शिवणारी बोटे केरळातून आणावी लागली. ती तेथे जिवंत होती हे देशाचे भाग्य. आपल्या किनाऱ्यावर ती का उरली नाहीत, हा विचार मात्र आपण करावयाचा आहे.

म्हणून मंडळापुढे मी नम्रपणे तीन सूचना ठेवतो.

पहिली, वहीची. प्रत्येक घरातील वृद्धांकडून बांधणीचे शब्द, मापे, लाकडांची निवड आणि वाऱ्यापाण्याची जाण त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावी. जुन्या होड्या फूटपट्टी शेजारी ठेवून छायाचित्रित कराव्यात. आणि पुढील वर्षांच्या स्मरणिकेची काही पाने त्यासाठी राखून ठेवावीत. नातीची वही मी आजच चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहे.

दुसरी, होडीची. दरवर्षी सुटीत एखाद्या गावी मुलामुलींनी मिळून एक होडी बांधावी. नकाशे मी विनामूल्य देईन. मात्र ते अंगण सर्वांना मोकळे असावे. शेजारच्या वाडीतील, कोणत्याही ज्ञातीचे, कोणत्याही धर्माचे मूल रंधा धरू इच्छीत असेल, तर त्याला तो धरू द्यावा. विद्येला कुंपण घातले तर काय होते, ते आपण आताच पाहिले.

तिसरी सूचना मिस्त्रींविषयी. आपण गुणवंतांना शाल-श्रीफळ देतो, ते योग्यच आहे. परंतु कारागिराला शालीहून शिष्याची अधिक गरज असते. मंडळाने अशा वृद्ध कारागिरांना शिकविण्याबद्दल रीतसर मानधन द्यावे, आणि ते यंदापासून द्यावे. पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणण्याइतका अवकाश सर्वांकडे नसतो.

मिस्त्रींना आज या सभेस आणावे अशी माझी फार इच्छा होती. प्रवास झेपणार नाही म्हणून ते आले नाहीत. परंतु निरोप पाठविला आहे. तो असा, की पुढच्या होडीसाठी मुले केव्हा येणार ते लवकर कळवा, वाकसाला धार लावून ठेवावी लागेल.